मिस्त्रींची साक्ष

मिस्त्री म्हणजे पाण्यातला माणूस. आसपासच्या शेतांवर कुठलाही पंप रुसला, कुठलीही पाइपलाइन फुटली, की आधी त्यांनाच हाक जायची. पण गावाबाहेरच्या त्या लहानशा बाप्तिस्त चॅपेलात हाच माणूस लग्न झाल्यापासून दर रविवारी यायचा आणि कोरडाच घरी जायचा.

हे जरा समजावून सांगायला हवं. या मंडळींत बाप्तिस्मा म्हणजे तान्ह्या बाळाच्या कपाळावर चार थेंब, असला प्रकार नाही. माणूस कळता झाला पाहिजे. आपण विश्वास का ठेवतो, याची त्याने सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली पाहिजे. मग सभासदांनी हात वर करून होकार द्यायचा, आणि त्यानंतर पांढरा झगा घालून त्याने हौदात उतरायचं. उतरायचं म्हणजे डोक्यासकट. हौद व्यासपीठाखालीच होता. एरवी त्यावर फळ्या असायच्या आणि फळ्यांवर पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, खुर्ची. आईने मुलासाठी विश्वास ठेवला तर चालत नाही, बायकोने नवऱ्यासाठी ठेवला तरी चालत नाही. ज्याचा त्याने आणायचा. आणि बाप्तिस्मा नाही तर प्रभुभोजनाच्या पावाला हात लावायचा नाही.

त्या हौदाची गळती काढणं, तो भरणं, रिकामा करणं, सगळं मिस्त्रींकडे. दुसऱ्यांना भिजवायची सगळी सोय करायची आणि आपण पँटला पाणी न लागू देता मागच्या बाकावर जाऊन बसायचं. "पालथ्या घड्यावर पाणी!" असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि मिस्त्रीही त्यांच्याबरोबर हसायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याला अजून तसं काही वाटलेलं नाही, वाटलं की सांगू. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची ही एक अडचण असते.

त्यांच्या बायकोला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. ती शिवणकाम करायची, म्हणून सगळं गाव तिला शिवणबाई म्हणायचं. बाप्तिस्म्याचे झगे तीच शिवायची, रविवारच्या वर्गात मुलांना तीच शिकवायची, आणि कोणाच्या घरी दुखणं आलं की प्रार्थनेला आधी तिलाच बोलावणं यायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरायचं. ताट आलं की ती एक तुकडा उचलायची आणि मिस्त्रींच्या मांडीवरून हात लांब करून ताट पलीकडच्या माणसाला द्यायची. मिस्त्री तेवढ्यापुरते मागे टेकायचे. इतक्या वर्षांत हाताला त्याची सवय झाली होती, मनाला झाली नव्हती. नवरा निर्व्यसनी, कष्टाळू, तिच्यावर जीव टाकणारा. संसारात कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्या एका क्षणी आपण एकट्याच आहोत असं तिला वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचाच रागही यायचा.

मग तिला धाप लागायला लागली. मशीनचं पायडल मारतानाही ती मध्येच थांबू लागली. शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, ऑपरेशन करून बदलावी लागेल, असं सांगितलं. मिस्त्रींनी आयुष्यभर पंपांचे वॉल्व्ह बदलले होते. त्यामुळे झडप बदलताना काय काय होऊ शकतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली त्या आठवड्यात एका संध्याकाळी ते तिच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"मी म्हणतो, या वेळी बाप्तिस्मा घेऊन टाकावा."

ती कापड बेतत होती. कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडे गेली. एवढं चांगलं कापड वाया गेलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "खरंच?" आणि ते म्हणाले, "हो, म्हणजे, तसं ठरवलंय."

लोक एखाद्या गोष्टीसाठी देव पाण्यात घालून बसतात म्हणतात. शिवणबाई इतकी वर्षं बसली होती ती नवराच पाण्यात घालायचा म्हणून! तिने दुसऱ्याच दिवशी झगा बेतायला घेतला. चॅपेलाच्या कपाटात चार झगे होते, पण मिस्त्रींच्या पोटावर त्यातला एकही बसेना. टेप त्यांच्या कमरेभोवती गुंडाळताना ती म्हणाली, "श्वास सोडा. पोट आत घेऊन बाप्तिस्मा होत नाही." किती तरी दिवसांनी घरात हसणं ऐकू आलं.

झग्याच्या घेराला वजन लावावं लागतं. नाहीतर माणूस पाण्यात उतरला की झगा फुगून वर येतो आणि पवित्र प्रसंगी मंडळीला नको ते दर्शन घडतं. लोखंड गंजतं, कापडावर डाग धरतं, म्हणून शिवणबाई घेराच्या दुमडीत पितळी वायसर शिवायची. तसले वायसर मिस्त्रींच्या घरामागच्या शेडमध्ये डबाभर होते. दुपारी ती ते आणायला गेली.

शेडच्या दाराशी पोचली तर आतून मिस्त्रींचा आवाज. आत दुसरं कोणी नव्हतं. समोर एक उघडलेला पंप होता आणि मिस्त्री त्यालाच सांगत होते, "माझं मन कुलूप लावलेल्या खोलीसारखं होतं. किल्ली माझ्याच मुठीत होती, आणि दार उघडत नाही म्हणून मी जगावर रागावून बसलो होतो. मग एके दिवशी कोणीतरी माझी मूठ हळूच उघडली." मिस्त्री अडखळले, खाकरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

ती दाराबाहेरच थांबली. हे शब्द तिचे होते. वयाच्या सतराव्या वर्षी याच चॅपेलात उभं राहून तिने ते म्हटले होते. आदल्या आठवडाभर अंथरुणात पडून एकेक वाक्य जुळवलं होतं, त्यामुळे त्यातला शब्दन् शब्द तिला ठाऊक होता. त्या दिवशी ते ऐकणारे बहुतेक लोक आता मातीआड गेले होते. पण मिस्त्री तिथे होते. त्यांच्या वडिलांबरोबर हौदाची गळती काढायला आले होते आणि आपलं काम टिकतंय का बघायला हातात पाना घेऊन दारात उभे होते. पुढे लग्न ठरताना याच गोष्टीवरून तिने त्यांची पुष्कळ चेष्टा केली होती.

वायसर न घेताच ती परत फिरली.

तिला सगळं कळलं होतं. मिस्त्रींना काही वाटलेलं नव्हतं. बायको ऑपरेशनला जाणार, परत येते न येते, त्याआधी तिची एक इच्छा पुरी करावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. जीव ओवाळून टाकावा असं हे प्रेम! पण दर रविवारी ती मुलांना काय शिकवत होती? विश्वास उसना मिळत नाही, दुसऱ्याच्या तोंडचे शब्द देवापुढे म्हणायचे नाहीत.

मग ती नवऱ्याशी सरळ बोलली का नाही? दोनदा तोंड उघडलं होतं तिने. एकदा जेवताना, एकदा झग्याची बाही लावून बघताना. पण खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. ते ताट एकदा, निदान एकदाच, तिच्या शेजारी थांबायला हवं होतं. कदाचित सभेत उभे राहिल्यावर त्यांना स्वतःचं काही सुचेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि दुसरे वायसर बाजारातून आणून घेर शिवून टाकला.

त्या रविवारी उपासना संपल्यावर सभासदांची सभा बसली. पाळक तरुण होते, दोन गावांची दोन चॅपेलं सांभाळायचे, मोटरसायकलवरून यायचे. सभा चालवायचे मात्र थोरले डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी. हे निवृत्त पोस्टमास्तर. मंडळीत कुठलाही निर्णय झाला तर एकमतानेच झाला पाहिजे, असा त्यांचा हट्ट, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'एकमतकाका' म्हणायचे. खिडक्यांना कोणता रंग द्यायचा यावर एकदा इतका वाद झाला की शेवटी रंगच द्यायचा नाही असं एकमताने ठरलं. हात वर करा म्हणायचं, चष्म्यावरून एक नजर फिरवायची आणि जाहीर करून टाकायचं, अशी त्यांची पद्धत. हात मोजण्याची वेळ कधी आली नव्हती.

मिस्त्री पुढे जाऊन उभे राहिले. दाढी गुळगुळीत, शर्टाची इस्त्री कडक. ती तिनेच केली होती.

"माझं मन," ते म्हणाले, "कुलूप लावलेल्या खोलीसारखं होतं..."

अथपासून इतिपर्यंत एकदाही न अडखळता त्यांनी म्हटलं. दूधवाल्या आजींनी पदराने डोळे पुसले. पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हे तुम्ही कोणाच्या आग्रहाने तर करत नाही ना?"

"नाही. बायकोने आग्रह कधीच सोडून दिला," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि, रीत होती त्याप्रमाणे, सभासदांना ठरवता यावं म्हणून ते बाहेर गेले.

ठरवायचं काय होतं? एकमतकाकांनी भाषण आवरतं घेतलं आणि म्हणाले, "ज्यांचा होकार आहे त्यांनी हात वर करा." सगळीकडे हात वर झाले. दूधवाल्या आजींनी दोन्ही केले. शिवणबाईचे हात मांडीवरच्या बायबलवर होते. तिने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, खरंच केला. तो हलला नाही.

एकमतकाकांची नजर सगळ्यांवरून फिरली, फक्त तिच्यावरून फिरली नाही. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला बायकोचा हात वर आहे का, हे बघायची काय गरज?

"एकमताने मंजूर!" ते म्हणाले, आणि त्याच वेळी चॅपेलाच्या मागे पंप सुरू झाला.

हौद बरेच महिने भरला नव्हता. तो पाणी धरतो की नाही हे आजच बघून ठेवावं, असं मिस्त्रींच्या मनात आलं असणार. फळ्यांखाली पाणी पडायला लागलं. सगळ्यांनी ते ऐकलं आणि कौतुकाने एकमेकांकडे पाहिलं. माणसाची तयारी बघा!

आता गप्प बसायचं होतं फक्त. आपल्याकडे कोणी बघितलं नाही, कोणाला कधी कळणार नाही, पुढच्या रविवारी ते पाण्यात उतरतील आणि त्यानंतर पाव आपल्या दोघांचा असेल. शिवणबाईने हे सगळं डोळ्यांसमोर आणलं. इतकं जवळ आलं होतं ते.

ती उठून उभी राहिली. "माझा हात खाली होता."

"बसा, बसा बाई," एकमतकाका म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं नसेल, मी आपलं होकाराचं विचारत होतो."

"ऐकू आलं. माझा हात खाली होता."

पाळकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काही कारण?"

"ती साक्ष त्यांची नाही. माझी आहे. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी दिली होती, तीच त्यांनी पाठ केली."

फळ्यांखाली पाणी पडत होतं.

"मग बिघडलं काय?" दूधवाल्या आजी म्हणाल्या. "नवराबायकोत कसलं आलंय तुझं नि माझं?"

"बाकी सगळं दोघांचं आहे, आजी. हे नाही होत दोघांत."

"बाई," एकमतकाका खाली आवाजात म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या सभेत एक हात कमी पडला होता आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "तुमचं ऑपरेशन तोंडावर आलंय. त्यांच्या मनाचा जरा विचार करा."

"तोच करते आहे," ती म्हणाली, आणि आपण हे खरं बोललो की नुसतं ठसक्यात बोललो, हे तिचं तिलाच कळेना. आपण काय करून बसलो, एवढंच तिला कळत होतं.

पाळक बाहेर जायला उठले. तिने त्यांना हाताने थांबवलं. "मी सांगते त्यांना."

मिस्त्री चॅपेलामागे पाइपांच्या ढिगाजवळ उकिडवे बसून पंपाचा आवाज ऐकत होते. तिला बघून उठले. "झालं?"

"पंप बंद करा."

"का? गळतंय?"

"नाही. आधी बंद करा तुम्ही."

त्यांनी बटण दाबलं. आवाज एकदम थांबला. ती चार पावलांवर उभी होती तिथेच थांबून म्हणाली, "माझा हात खाली होता."

मिस्त्रींनी खिशातून फडकं काढलं आणि एकेक बोट पुसायला घेतलं. "आणि बाकीच्यांचे?"

"वर होते."

"म्हणजे तुझ्या एकटीचाच."

"हो."

ती रागाची वाट बघत होती. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ओळखलंस तर."

"शेडमध्येच ऐकलं होतं मी. वायसर न्यायला आले होते तेव्हा."

"मग तेव्हाच बोलायचं ना. सगळ्यांदेखत कशाला?"

"बोलणार होते. पण मलाही ते हवं होतं हो. फार हवं होतं."

मिस्त्रींनी फडकं खिशात कोंबलं. "मला दुसरं येत नव्हतं गं. त्या दिवशी दारात उभा राहून जेवढं ऐकलं तेवढंच मला येतं. तुमच्यासारखी खात्री मी कुठून आणू? तुम्ही सगळे गाता, डोळे मिटता, तुम्हाला ठाऊक असतं कोणाशी बोलतोय ते. मला नाही ठाऊक. म्हणून तर मागे बसतो. म्हटलं, तुझ्याजवळ आहे तेवढ्यात दोघांचं भागेल."

ती पाइपांच्या ढिगावर बसली. धाप लागली होती. "माझ्याजवळ नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"तेच. रिपोर्ट आला तेव्हापासून. गुडघे टेकते, गाते, मुलांना शिकवते. पण पलीकडे कोणी नाही असंच वाटतं. रोज. भिंतीशी बोलल्यासारखं." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही बाप्तिस्मा घेतो म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, चला, घरात एकाला तरी सापडलं. आता मला तुमच्याकडून घेता येईल. आणि शेडमध्ये ऐकते, तर तुम्ही माझंच जुनं मला परत देताय."

मिस्त्री आ वासून तिच्याकडे बघत राहिले. ज्या बाईच्या खात्रीकडे बघून ते आयुष्यभर मागच्या बाकावर बसले होते, ती हे म्हणत होती.

"हे तू कोणाला बोलली नाहीस?"

"कोणाला बोलू? या सगळ्यांची प्रार्थना अडली की ते माझ्याकडे येतात."

"मला बोलायचंस."

"तुम्हाला? तुम्ही माझ्यामुळे इथे येता. म्हटलं, माझंच डळमळलं हे कळलं तर तुम्ही उठून जाल."

"उठून जाईन?" मिस्त्री तिच्याशेजारी ढिगावर बसले. पाइप करकरले. "अगं, हे आधी कळलं असतं तर चार बाकं पुढे येऊन बसलो असतो मी."

तिला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. रिपोर्ट आल्यापासून ती रडली नव्हती. मिस्त्रींनी तिला गप्प केलं नाही. तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं आणि एकमतकाकांनी डोकं बाहेर काढलं. "काय ठरलं मग? कारण पुन्हा एकदा मत घ्यायचं झालं तर सगळे आहेत अजून..."

"काका, दार लावून घ्या," शिवणबाई म्हणाली.

काकांनी दार लावलं. थोड्या वेळाने आतून गाणं ऐकू आलं. काय करावं हे सुचेनासं झालं की ही मंडळी गायला लागतात.

"वाटत नाही म्हणतेस," मिस्त्री म्हणाले, "तर मग रोज गुडघे का टेकतेस?"

हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. तिने बराच विचार केला. "सोडवत नाही म्हणून. कोणी असेल आणि मीच उठून गेले, असं नको व्हायला."

मिस्त्रींनी मान हलवली. हे त्यांना कळलं. बायबलातलं इतकं सगळं ऐकून जे कळलं नव्हतं त्यातलं काहीतरी त्यांना आता कळल्यासारखं वाटलं, पण ते बोलले नाहीत. शब्द अजून त्यांच्यापाशी नव्हते.

"ऑपरेशन करून परत ये," ते म्हणाले. "मग मी पुन्हा उभा राहीन. जे असेल ते सांगेन. थोडंच असलं तर थोडं. तुला पटलं नाही तर ठेव हात खाली."

"आणि मी परत आले नाही तर?"

तारीख ठरल्यापासून हा प्रश्न त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मिस्त्रींनी तिचा हात आपल्या तेलकट हातात घेतला.

"मग मी खोटं बोललो तर मला अडवणार कोण?" ते म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात सोडला नाही.